वायर एक, सोंगे अनेक

फोनमध्ये इंटरनेट आहे, संगणकात नाही आणि दोघांच्या मध्ये हातभर लांबीची यूएसबी वायर आहे. यापुढे करण्यासारखे काही उरत नाही, असे कोणत्याही समंजस माणसाला वाटेल. मलाही तसेच वाटते आणि दर वेळी नव्याने वाटते. प्रत्यक्षात वायर जोडताच फोन चार्ज होऊ लागतो आणि जणू आपण एवढ्याचसाठी आलो होतो, अशा समाधानाने स्वस्थ पडून राहतो.

फोनमधला टेदरिंगचा, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याचा, पर्याय चालू केला, की संगणक त्याची चौकशी सुरू करतो. निर्माता कोण, वस्तू कोणती, वर्ग कोणता, या प्रश्नांची उत्तरे उपकरणाने क्रमांकांत द्यायची आणि त्या क्रमांकांवरून ऑपरेटिंग सिस्टिमने योग्य ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, शोधायचा, अशी ही रीत आहे. येथे ‘मी फोन आहे’ हे खरे उत्तर कामाचे नसते, कारण इंटरनेट हवे असेल तर फोनला नेटवर्क कार्डाचे, म्हणजे संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचे, सोंग घ्यावे लागते.

सोंगाचे तरी एकच रूप असावे! मायक्रोसॉफ्टने आरएनडीआयएस नावाची पद्धत काढली. तिच्यात उपकरण सांकेतिक क्रमांकांपुरते बरेचदा मोडेम असल्याचे भासवते आणि नेटवर्क कार्डाचे काम करते, म्हणजे सोंगाच्या आत आणखी एक सोंग. यूएसबीच्या प्रमाणकांत ईसीएम ही स्वतंत्र पद्धत होतीच, परंतु ती लिनक्स आणि मॅक या ऑपरेटिंग सिस्टिमना कळत असे, विंडोजला वर्षानुवर्षे कळत नसे. उलट आरएनडीआयएस विंडोजच्या घरचे, लिनक्सने ते शिकून घेतले आणि मॅकने त्याचा ड्रायव्हर मूळ सिस्टिममध्ये कधी घेतलाच नाही. त्यामुळे ज्या उपकरणाला सर्वत्र चालायचे होते, त्याने दोन्ही सोंगे पेटीत बाळगून समोर कोण आहे ते पाहून त्यातले एक चढवायचे, असा शिरस्ता पडला. पुढे एनसीएम ही आणखी एक पद्धत आली. ईसीएममध्ये डेटाची प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक पुडके, स्वतंत्रपणे पाठवावी लागे. एनसीएम अनेक फ्रेम एकत्र बांधून पाठवते, म्हणून ते वेगवान. हे शहाणपण सर्वांना पटले खरे, परंतु विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आयता मिळण्यासाठी अकरावी आवृत्ती उजाडावी लागली.

माझा जुना संगणक या सर्व घडामोडींपासून अलिप्त आहे. तो माझ्या फोनला ‘अज्ञात उपकरण’ म्हणतो, ड्रायव्हर शोधायला सांगितले तर ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे’ असे कळवतो आणि या दोन विधानांत त्याला काही विसंगती दिसत नाही. नाइलाजाने मी मोबाइल इंटरनेटचे जुने डोंगल, म्हणजे यूएसबीत खुपसायची कांडी, काढले. ते जोडल्यावर संगणकाला चक्क सीडी ड्राइव्ह दिसली! यात मात्र एक युक्ती होती, आणि तिचे कौतुक करावेच लागेल: ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागते, म्हणून डोंगल तो पोटातच घेऊन येते, आधी सीडी म्हणून मिरवते, आणि ड्रायव्हर बसल्यावर मिळणाऱ्या एका आज्ञेने मोडेम होते. लिनक्समध्ये हे रूपांतर घडवण्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा स्वतंत्र प्रोग्राम आहे. माझ्या डोंगलला ती आज्ञा काही पोहोचली नाही. ते सीडीच राहिले.

शेवटी दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणून बसवला आणि फोनचे सोंग एकदाचे वठले, नको तितके वठले. वायरीने आलेले नेटवर्क म्हणजे घरचे अमर्याद ब्रॉडबँड, अशी संगणकाची मुळातच समजूत असते. ते मोजून मिळणारे इंटरनेट आहे, हे सेटिंगमध्ये जाऊन त्याला आपण सांगावे लागते. ते सेटिंग मी शोधत होतो, तोवर त्याने अनेक महिन्यांची तुंबलेली अपडेट उतरवायला घेतली होती, आणि फोनवर दिवसाचा डेटा संपल्याचा संदेश आला होता.