आमचं लॉकडाऊन आधीच झालं होतं

एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनमुळे हवा निवळल्यावर, पंजाबातल्या जालंधरमधून हिमाचलमधल्या धौलाधारची बर्फाळ शिखरं दिसायला लागली, ते फोटो गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या ग्रुपवरही आले. कुणीतरी खाली लिहिलं, 'निसर्ग मोकळा श्वास घेतोय.' मी आईला फोटो दाखवले. ती तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "हें आमी पयलींच पळयलां."

खरंच पाहिलं होतं. आमच्या डिचोली तालुक्यात एरवी पावसाळा संपला की पंधरा दिवसांत लोहखनिजाच्या धुळीने तुळस लाल व्हायची. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि त्या वर्षी तुळशीच्या लग्नालाही ती हिरवीगार होती. पुढे खाणी सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. म्हणजे कोरोना यायच्या आधीच आम्हाला दोनदा स्वच्छ हवा मिळून चुकली होती.

त्याआधीचं काय सांगू! 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज निर्यात झालं. खाणीपासून नदीवरच्या बार्जच्या, म्हणजे मालवाहू बोटींच्या, धक्क्यापर्यंत त्यातलं बरंचसं ट्रकनेच जायचं, तेही गावातून, शाळेसमोरून. ताडपत्री नावापुरती. सांडलेली माती मागच्या ट्रकच्या चाकाखाली दळली जायची आणि तीच आमच्या वरणभातात. ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवून आम्ही घामाघूम बसायचो. आणि हो, त्या रांगेत एक ट्रक आमचाही होता, कर्ज काढून घेतलेला. 2012 नंतर तो अंगणात उभा राहिला, चाकांभोवती गवत वाढलं, बँकेचे हप्ते मात्र चालूच. तुळस हिरवी आणि घरात रोज भांडणं.

म्हणून 'लॉकडाऊनने हवा सुधारली' असं कौतुकाने कुणी म्हटलं की मला राग येतो. 2019 मध्ये सुमारे 80 लाख पर्यटक आलेल्या गोव्यात अचानक टॅक्सी थांबल्या, किनाऱ्यावरचे शॅक बंद पडले. सुरुवातीचे काही दिवस तर किराणाही मिळत नव्हता. हवा सुधारली, मान्य. पण ती सुधारणा कुणी केली नव्हती, फक्त सगळं ठप्प झालं होतं.

आणि टिकणार तरी कशी? गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड काही तासांत विरतो, जाड धूळ खाली बसते. कारण थांबलं की आकाश निवळतं, सुरू झालं की पुन्हा गढूळ. (काही शहरांत तर गाड्या थांबल्यावर ओझोन वाढला, कारण त्याला खाऊन टाकणारा धूरच कमी झाला.) कार्बन डायऑक्साइडची गोष्ट उलटी, तो शतकानुशतकं मुक्काम ठोकतो. 2020 मध्ये जगाचं उत्सर्जन साधारण पाच टक्क्यांनी घटलं, तरी हवेतलं त्याचं प्रमाण वाढतच राहिलं.

लॉकडाऊनने एक मात्र उघडं पाडलं: 'वातावरणच तसं आहे' ही सबब खोटी. धूळ कुठून येते ते कळतं, तर ती तिथेच अडवताही येते. खनिजासाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता, खाणीतून बाहेर पडताना चाकं धुणं, नीट बांधलेली ताडपत्री. यातलं काहीही करायला महामारी लागत नाही.

2024 पासून डिचोलीत खाण परत सुरू आहे. परवा भाऊ विचारत होता, सेकंडहँड ट्रक मिळतोय, घेऊ का? आई गप्प राहिली. मी म्हटलं, घे, पण आधी ताडपत्री नवी घे.