दप्तर गावाचं आहे: एका फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की ग्रामपंचायतीचं दप्तर फक्त सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवकालाच पाहता येतं. बाकीच्यांनी कागद मागितला तर आधी कारण द्यावं लागतं, अर्ज वकिलाकडून लिहून घ्यावा लागतो. नव्या कायद्यानंतर कुणाचंही नाव असलेला कागद मिळत नाही. तसाही सगळा हिशोब मोबाईलच्या ॲपवर दिसतो, मग कार्यालयात जायचं कशाला? फाईल गहाळ आहे म्हणाले की विषय संपला. आणि एवढं करून हाती लागतं ते फक्त वैर. हा मेसेज वाचून शेजारच्या तात्यांनी लिहून ठेवलेला अर्ज फाडून टाकला. ते पाहून मला राहवलं नाही.

पहिली गोष्ट दप्तराची. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे आणि ग्रामपंचायत त्यात पूर्णपणे येते. या अधिकाराची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा खूप मोठी आहे. झेरॉक्स मागणं हा तिचा एक भाग झाला. प्रत्यक्ष बसून दप्तर पाहणं, वहीत टिपणं घेणं, साक्षांकित प्रती घेणं, इतकंच काय, कामात वापरलेल्या सामानाचा प्रमाणित नमुना घेणं हेही त्यात आहे. गावात रस्ता होतोय आणि माल हलका वाटतोय, तर त्या मालाचा नमुना मागता येतो. यातल्या कशालाच सदस्य असण्याची अट नाही. भारताचा नागरिक असलं की पुरे.

महाराष्ट्रात याहून सोपी वाटही आहे. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी सूचना काढल्या, की जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांनी, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. मी असाच एका सोमवारी आमच्या वाडीतल्या गटाराच्या कामाची फाईल पाहायला गेलो. आधी 'साहेब मीटिंगला गेलेत' झालं, मग 'कपाटाची चावी नाही' झालं. पुढच्या सोमवारी आम्ही तिघं गेलो, परिपत्रकाची प्रत टेबलावर ठेवली आणि शांतपणे बसून राहिलो. पावणेचारला फाईल समोर आली. सूचना कागदावर आहेत म्हणून दार आपोआप उघडतं असं मी म्हणणार नाही. पण दार आपल्यासाठी नाहीच, हे साफ खोटं आहे.

आणि ग्रामसभा का विसरायची? आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणातले आक्षेप उत्तरांसह ठेवणं पंचायतीवर कायद्याने बंधनकारक आहे. आपण तिथे ऑडिटचे आक्षेप वाचून दाखवा म्हणत नाही, हा दोष आपला. लेखापरीक्षकाने वर्षभराचं दप्तर चाळून कुठे बोट ठेवलंय, ते त्या दोन-चार पानांत आयतं सापडतं.

आता कारणाचं. अर्जदाराला माहिती मागण्याचं कारण विचारता येत नाही, असं माहिती अधिकाराच्या कलम ६ मध्येच लिहिलंय. संपर्कापुरता नाव-पत्ता सोडला तर इतर वैयक्तिक तपशीलही मागता येत नाही. कुणी विचारलंच तर एवढं कलम दाखवायचं. वकील तर नकोच. आपल्या राज्यात जोडपत्र 'अ' हा एका पानाचा नमुना आहे, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, पोच घ्यायची. प्रतींना पानामागे २ रुपये. दप्तर पाहायला पहिला तास फुकट. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, आणि ग्रामपंचायतीत हा अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच. हे पद आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखलं जातं.

मात्र अर्ज फसतात, हे खरं. माझेही दोन फसले. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली एक अट घातली गेली, की एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत असावा. लोक रस्ता, पाणी, घरकुल, दिवाबत्ती असं सगळं एकाच अर्जात कोंबतात आणि तो तिथेच अडकतो. दुसरी चूक याहून मोठी. आपण 'रस्ता एवढ्यात का उखडला?' असं विचारतो. हा कायदा कार्यालयाच्या ताब्यात असलेली माहिती देतो, 'का'चं उत्तर तयार करून देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालात हेच सांगितलंय. त्यामुळे कागदाला त्याच्या नावाने हाक मारावी लागते. रस्त्याचं प्रकरण असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली बिलं मागा. पैशाचा प्रश्न असेल तर नमुना ५, म्हणजे सामान्य रोकडवही, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. घरपट्टीच्या आकारणीत भेदभाव वाटत असेल तर नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. निर्णय कुणी घेतला हे हवं असेल तर मासिक सभेचं प्रोसिडिंग. अशी नावं घातली की 'माहितीचा बोध होत नाही' हे ठरलेलं उत्तर देता येत नाही. स्वतःच्या घराचा नमुना ८ चा उतारा हवा असेल, तर माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊच नका. ती लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा आहे आणि ती ठरलेल्या मुदतीत द्यावीच लागते.

ॲपचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराजवर गावाचा विकास आराखडा दिसतो, वित्त आयोगाचा किती निधी आला आणि कोणत्या कामावर किती टाकला तेही दिसतं. ते जरूर पाहा. पण तिथे 'गटार बांधकाम' आणि पुढे रक्कम एवढंच दिसतं. गटार किती मीटर लांब, किती खोल, मोजमाप कुणी घेतलं, कोणत्या तारखेला, हे कळायला मोजमाप पुस्तिकाच उघडावी लागते. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत मोबाईलवर येत नाही. ॲपवरून प्रश्न सापडतो. उत्तर कपाटातच असतं.

नव्या कायद्याबद्दलची भीती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. पूर्वी त्या कलमातच व्यापक जनहित तपासण्याची सोय होती, ती काढून टाकली. मला हा बदल चुकीचा वाटतो आणि त्याला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी उभा आहे. पण 'नाव असलेला कागद मिळतच नाही' हा त्याचा अर्थ होत नाही. नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं सांगणारं कलम ८(२) जागेवर आहे. कागदातला देता न येणारा भाग झाकून उरलेला द्यायला सांगणारं कलम १० जागेवर आहे. आणि कलम ४ प्रमाणे अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी आणि सवलती मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायचा आहे. घरकुलाची यादी कुणाचं खासगी गुपित नाही. ती नाकारली तर नकार लेखी मागा, कलमासह.

'फाईल गहाळ' या उत्तराने विषय संपत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चाच आहे. त्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. म्हणून तोंडी 'सापडत नाही' कधीच मान्य करू नका. लेखी घ्या आणि अपिलात हाच कायदा मांडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांच्या तिकिटावर. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, हे आवर्जून लिहा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड अधिकाऱ्याला वैयक्तिक लावू शकतो. आयोगापुढे तारीख यायला फार काळ जातो, हे मी लपवणार नाही. पण माझ्या अनुभवात बहुतेक कागद पहिल्या अपिलाच्या सुनावणीआधीच हातात आले.

शेवटचा मुद्दा वैराचा. इथे मेसेज लिहिणाऱ्याला मी खोटं ठरवणार नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. गावात तर अर्ज दिला की संध्याकाळपर्यंत पारावर नाव पोचतं. तरुण पोरांना मी कधीच 'बिनधास्त जा' म्हणत नाही. एकट्याने अर्ज देऊ नका. एकाच विषयावर चार घरांतून चार अर्ज जाऊ द्या. सोमवारी तिघं-चौघं मिळून जा, त्यात एक-दोन बाया असू द्या. मिळालेल्या कागदाच्या प्रती त्याच दिवशी दोन-तीन घरी ठेवा. आणि तो कागद फेसबुकवर टाकण्याआधी ग्रामसभेत मांडा, म्हणजे प्रश्न एका माणसाचा न राहता सभेच्या इतिवृत्तात जातो.

आमच्या गटाराचं असंच झालं. मोजमाप पुस्तिकेतला आकडा आम्ही उतरवून घेतला आणि गवंड्याचा टेप लावून गटार मोजलं. लांबी कमी भरली. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन्ही आकडे वाचून दाखवले, नाव कुणाचंही घेतलं नाही. ठराव झाला, अंतिम बिल थांबलं. डिसेंबरात ठेकेदाराची माणसं आली आणि शाळेमागचा उरलेला तुकडा बांधून गेली. तात्यांना काल मी जोडपत्र 'अ' चा कोरा कागद नेऊन दिलाय.