हिटलर निवडून आला होता का?

वादाची ठिणगी पडली ती विन्याच्या एका वाक्यावरून. “हिटलरला लोकांनीच निवडून दिलं ना? मग लोकशाही लोकशाही म्हणून गळे कशाला काढायचे?”

शैला उसळलीच. “कुठल्या निवडणुकीत, ते सांग.”

विन्याला सांगता येईना. हे वाक्य इतक्यांच्या तोंडी असतं की ते एकदा तपासून बघावं असं कुणाच्या मनातही येत नाही. शैलाला मात्र आकडे पाठ होते. मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला २.६ टक्के मतं, १२ जागा. मग मंदी आली, बेकारी भडकली आणि जुलै १९३२ मध्ये तोच पक्ष ३७ टक्क्यांवर गेला. सगळ्यात मोठा पक्ष, पण बहुमत नाहीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा वीस लाखांच्या वर मतं घटून ३३ टक्के उरली. “म्हणजे पक्ष उतरणीला लागला होता. आणि ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं. नेमलं, विन्या.”

“अगं, पण तेहेतीस टक्के काय थोडे झाले? तिघांतला एक जण त्याला मत देत होता. ते पाप हिंडेनबुर्गच्या माथी मारणार का?”

हा मुद्दा बिनतोड होता. ती मतं नसती तर हिटलरला विचारलं कुणी असतं?

मास्तर इतका वेळ ऐकत होते. “म्हणूनच म्हणतो, या तुलना बंद करा. ज्याला त्याला हिटलर म्हणून मोकळं व्हायचं, आणि खरा समोर आला की त्याच्यासाठी शब्दच उरायचा नाही. युद्ध हरलेला देश, एकदा मातीमोल झालेलं चलन, रस्त्यावर पक्षांच्या खासगी सेना. हे सगळं जसंच्या तसं दुसरीकडे कुठे होणार आहे?”

मला त्यांचं अर्धंच पटतं. माणसाची माणसाशी तुलना करून खरंच काही हाती लागत नाही. पण पायऱ्यांची तुलना करता येते, आणि करायलाच हवी. राइखस्टाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, जळाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ ला, भाषण, वृत्तपत्रं, सभा यांचं स्वातंत्र्य एका हुकुमाने काढून घेतलं गेलं, ते राज्यघटनेच्या कलम ४८ खाली. हे कलम हिटलरने शोधलेलं नव्हतं. १९३० पासूनची सरकारं संसदेला वळसा घालून याच कलमाखाली कारभार हाकत होती. हत्यार आधीच हातात रुळलेलं होतं.

“आणि हिटलरचा उपचॅन्सेलर पापेन?” शैला म्हणाली. “मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच. बाकी सगळे आपले, दोन महिन्यांत याला कोपऱ्यात दाबू, अशी त्याची खात्री. पण त्या तिघांतल्या गोरिंगच्या हाती प्रशियाचे, जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याचे, पोलीस होते, मास्तर!”

इटलीतही हेच. मुसोलिनीची ‘रोमवर चाल’ म्हटलं की डोळ्यांसमोर सैन्य येतं. प्रत्यक्षात २८ ऑक्टोबर १९२२ ला सकाळी पंतप्रधान फाक्ता लष्करी कायद्याचा हुकूम घेऊन राजाकडे गेले आणि राजाने सही केली नाही. मुसोलिनी तेव्हा मिलानमध्ये होता. सरकार बनवायचं बोलावणं आल्यावर तो रात्रीच्या रेल्वेने, शयनयानातून रोमला पोचला. संसदेत त्याचे सदस्य ५३५ पैकी जेमतेम ३५.

मास्तर म्हणाले, “राजाने सही केली असती तरी सैनिकांनी गोळ्या झाडल्या असत्या कशावरून?”

“मग फिनलंड घ्या,” शैला थांबायला तयार नव्हती. १९३२ मध्ये लापुआ या कडव्या उजव्या चळवळीची हत्यारबंद माणसं मँत्सॅला गावात जमली. राष्ट्राध्यक्ष स्विन्हुफव्हुद स्वतः कडवा उजवा, त्याच चळवळीच्या पाठिंब्यावर निवडून आलेला. तरी त्याने रेडिओवरून ‘घरी जा’ म्हणून बजावलं आणि बंड विरलं. बेल्जियममध्ये १९३७ साली फॅसिस्ट नेता देग्रेलच्या विरोधात पंतप्रधान व्हान झीलंड स्वतः ब्रुसेल्सच्या पोटनिवडणुकीत उतरले. कॅथलिकांपासून कम्युनिस्टांपर्यंत सगळे त्यांच्या पाठीशी राहिले, आणि तीन चतुर्थांश मतं त्यांना पडली.

मला या दोन घटना फार मोलाच्या वाटतात. मंदी तिथेही होती, चिडलेले लोकही होते. फरक पडला तो सत्तेच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्यांमुळे. जर्मनीतला सेंटर पक्ष, म्हणजे कॅथलिकांचा पक्ष, बघा. २३ मार्च १९३३ ला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा मतदानाला आला. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत, सभागृहात गणवेशातले नाझी उभे. सेंटर पक्षाला हिटलरने लेखी हमीचं पत्र कबूल केलं होतं. पत्र आलं नाही, तरी त्यांनी बाजूने मत दिलं. ४४४ विरुद्ध ९४. विरोधातले सगळेच्या सगळे सोशल डेमोक्रॅट. जुलैत सेंटर पक्षच राहिला नाही.

“मग तुलना पापेनशी करा, सेंटर पक्षाशी करा,” मास्तर म्हणाले. “ते मला चालेल.”

विन्या अजूनही हटला नाही. “आणि हिटलरला मत देणाऱ्या त्या तिघांतल्या एकाचं काय? त्याच्याशी कुणाची तुलना करायला कुणीच तयार नसतं. मतं त्याचीच मागायची असतात ना!”