बारदानासकट

माझं वजन ८६ किलो ३५० ग्रॅम आहे. हे मी आपणहून सांगतोय, कारण परवापासून साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका एवढ्या टापूत ते सगळ्यांना ठाऊक झालंय. मग तुमच्यापासूनच लपवून काय मिळवायचं?

जानेवारीअखेर आम्ही मनालीकडे निघालोय. आम्ही म्हणजे पुण्याची लेक, जावई, आठ वर्षांची नात आणि आम्ही दोघं. ठरवलं सगळं जावयांनी. नग्गरला लाकडी कॉटेज, खोलीत लोखंडी शेगडी (तिला तिकडे तंदूर म्हणतात, त्यावरून आमच्या सौभाग्यवतींनी आधी कोंबडीचा समज करून घेतला), दोन दिवस सोलंगच्या खोऱ्यात स्कीइंग आणि उरलेले दोन दिवस 'बाबांसाठी इतिहास'. हे शेवटचं कलम मला चुचकारायला. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून जूनमध्ये निवृत्त झालेला माणूस कुठेही हलवायचा असेल तर त्याला एखादी जुनी भिंत कबूल करावी लागते, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

तिथला स्की शिकवणारा पोरगा नको इतका काटेकोर निघाला. त्यानं प्रत्येकासाठी फॉर्म पाठवला. वय, उंची, वजन, बुटाचं माप, आधी कधी केलंय का, आणि खाली सही. सही आली म्हणजे प्रिंट आली. प्रिंट आली म्हणजे राजवाड्याजवळचं झेरॉक्सचं दुकान आलं.

तिथला मुलगा माझाच विद्यार्थी. वर्गात त्याला उभा करून धडा वाचायला सांगितला की तोंडातून शब्द फुटत नसे. आता मात्र हाती येईल तो कागद तो खड्या आवाजात वाचतो. कुणाचं आधार, कुणाचा जातीचा दाखला, कुणाची कोर्टाची तारीख. गावातली निम्मी गुपितं त्या दुकानात उघडी पडतात आणि उरलेली निम्मी लॅमिनेट होतात.

"सर, वय अठ्ठावन्न. उंची पाच सहा. वजन?"

"बहात्तर," मी म्हणालो. ही काही अगदीच थाप नव्हती. कधीकाळी होतं तेवढं. इतिहासाचा माणूस जुन्या नोंदींवर विसंबतो.

"न्हाय वो," मागून आवाज आला.

मागे बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ सातबारा मांडीवर घेऊन बसले होते. पांढरी टोपी, कानाला मफलर, पायात टायरच्या चपला. सगळे त्यांना तात्या म्हणत होते, म्हणून मीही म्हणतो. तात्यांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत एकदा बघितलं, मान जरा तिरकी केली आणि निकाल दिला.

"सत्त्याऐंशी. बारदानासकट."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात माल तोलताना पोत्याचं वजन वजा करतात. ते रिकामं पोतं म्हणजे बारदान. माझं बारदान म्हणजे बायकोनं विणलेला स्वेटर, विजार, पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा. तात्या चाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होते. "पोतं दारातनं आत येताना सांगायचो म्या, काटा नुसता सही करायचा," असं त्यांनी मला न विचारता सांगितलं.

"तात्या, बहात्तरच आहे," मी आवाजात शाळा आणून म्हणालो.

तेव्हा झेरॉक्सवाल्या कार्ट्यानं कीबोर्डवरची बोटं थांबवली आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, पुरावा?"

तेहतीस वर्षं हाच प्रश्न मी वर्गात विचारत आलो. अमुक लढाईत इतके हजार होते म्हणालास, पुरावा? तमुक राजा असं बोलला म्हणालास, पुरावा? एक पोरगा शिकला म्हणायचा. नेमका हाच.

विषय बदलावा म्हणून तात्यांना म्हणालो, की हे वजन काही तोलायला नाही, स्कीच्या पट्ट्यांसाठी हवंय. तिथेच चुकलो. तात्या बाकड्यावरून उठून काउंटरशी आले.

"बर्फावर जायाला वजन कशाला? बर्फ मोडतोय व्हय?"

मग समजावलं. पायातले जाड बूट लांब पट्टीला एका खटक्यानं अडकवलेले असतात. माणूस वेडावाकडा पडला की तो खटका आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर पट्टी पायाला पिरगाळते. तो किती जोरावर सुटायचा ते स्प्रिंगवर ठरतं, आणि स्प्रिंग किती आवळायची ते वजन, उंची, बुटाचा तळ, वय आणि येणं-न येणं यावरून. वजन खरं असेल त्याहून कमी सांगितलं तर स्प्रिंग सैल राहते आणि पट्टी भलत्या वेळी निसटते. जास्त सांगितलं तर पडतानाही सुटत नाही आणि गुडघा जातो.

तात्यांच्या चेहऱ्यावर मी शाळेत कधी न पाहिलेलं लक्ष होतं. "म्हंजे काटा मारला तर मारणाराच उताणा," ते म्हणाले. "आसा धंदा पायजे. यार्डात ही मशीन आली आसती तर निम्मं व्यापारी प्लास्टरात आसतं."

"आणि वयाचं काय?" विद्यार्थ्यानं विचारलं. त्याला आता सगळंच जाणून घ्यायचं होतं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण शिक्षकाला प्रश्न आला की उत्तर आतून ढकललं जातं. सांगून बसलो, की त्या तक्त्यात पन्नाशी गाठली की एक ओळ वर सरकवून सैल स्प्रिंग धरतात. नऊ वर्षांपर्यंतच्या पोरांनाही तसंच.

"म्हंजे तुमी आन नात एका मापात," तात्या म्हणाले. "चला."

कुठे चला, हे कळेपर्यंत त्यांनी माझं कोपर धरलं होतं. शेजारी भुसाराचं दुकान. बाहेर फुटपाथवरच पोती तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा. दोन बायका तांदूळ दाताखाली घालून बघत होत्या, एक रिक्षावाला पाच किलो ज्वारी बांधून घेत होता. "जरा सरकवा ते," तात्यांनी सांगितलं, आणि ज्वारी उतरून मी चढलो. आपण होऊन चढलो की चढवला गेलो, यावर इतिहासकारांत मतभेद होतील.

"चपला काढा. मोबाईल काढा. भितीला हात लावू नगा. पोट आत वढून काय उपेग न्हाय, वजन आतबी तेवढंच ऱ्हातंय."

काट्यावर लाल आकडे थरथरले आणि थांबले. ८६.३५०. त्याच्याखाली आणखी एक आकडा होता, ५००८.३०.

"हे काय?"

"कोलमचा भाव राहिलाय," दुकानदार म्हणाला. "अठ्ठावन्नचा."

म्हणजे तांदळाच्या भावानं मी पाच हजार आठ रुपये तीस पैशांचा माल. जावयांनी सहलीचा माणशी बावीस हजार खर्च काढलाय. माझ्या किमतीच्या चौपटीहून जास्त पैसे घालून मला बर्फात पाडायला नेताहेत. तांदूळ बघणाऱ्या बायकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. रिक्षावाल्यानं तेवढंही केलं नाही.

तात्यांचं मात्र हसण्याकडे लक्षच नव्हतं. ते हिशेबात होते. आमच्याकडे आल्याचा भाव गाडीवर ठरतो, आणि एक गाडी म्हणजे पाचशे किलो. तात्यांनी बोटं मिटली, उघडली, आणि जाहीर केलं, "तुमच्यासारखी सहा बसवली की आल्याची एक गाडी भरती. वर अठरा किलो कडता." कडता म्हणजे घटीपोटी वजनातून कापतात तो माल.

माझ्या विद्यार्थ्यानं, तो दुकान उघडं टाकून मागोमाग आला होता, हे वाक्य मोबाईलवर टिपून घेतलं. मी शिकवलेलं त्यानं कधी टिपून घेतल्याचं स्मरत नाही.

एवढ्यावर सुटलो असतो. पण खाली उतरून चपला शोधताना तात्यांनी विचारलं, "आन तिथं हाय काय बघायला?"

म्हटलं, आता आपलं राज्य. नग्गरचा वाडा सांगितला, कुलूच्या राजा सिद्धसिंहानं साधारण १४६०च्या सुमाराला बांधलेला. काठकुणी पद्धत सांगितली. एक थर लाकडाचा, एक थर दगडाचा, मध्ये चुना नाही, माती नाही. १९०५च्या कांगडा भूकंपात चहूकडची घरं बसली, हा वाडा उभा राहिला. तात्या एकदम शांत झाले. "सदुसष्टला आमची पाटणची भित आशीच बसली," ते म्हणाले. "पहाटं. कोयनेचा. म्या चौदा वर्साचा हुतो. दगड-मातीचं घर, आत लाकूड न्हवतं." मग थोडं थांबून, "त्यांचा सुतार बरा म्हणायचा." त्या अर्ध्या मिनिटापुरता मला तो माणूस आवडला.

पुढचं अर्धं मिनिट हिडिंबेच्या मंदिरानं खाल्लं. मनालीचं देवदारातलं ते मंदिर १५५३ सालचं, हे मी सांगतोय तोवर तात्या म्हणाले, "हिडिंबा म्हंजे भीमाची बायकू. भीमानं वजन खरं सांगितलं आसंल." आणि लगेच, त्याच दमात, "आजिंक्यताऱ्यावर कवा गेलावता?"

मान वर केली तरी दिसतो तो. दुकानांच्या पत्र्यांवरून, केबलच्या जंजाळातून. १७०० साली औरंगजेबानं घेतला, त्याचं नाव आजमतारा ठेवलं, १७०८मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला, हे मी तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. शेवटचा कधी गेलो? शाळेच्या सहलीबरोबर, नऊ वर्षं झाली. तेही जीपनं.

"जातो की अधूनमधून," मी म्हणालो. हे बहात्तरहून मोठं खोटं होतं, पण याला काटा नव्हता.

आता खरं सांगायचं तर मला राग आला होता आणि अजून तो पुरता गेलेला नाही. साताऱ्याचा माणूस बाहेरगावी इतिहास बघायला निघाला की प्रत्येकजण असा अंगावर येतो. आपल्याकडं काय कमी हाय का! नाही कमी. पण त्या सहलीत मी मुलांना घेऊन वर गेलो तेव्हा निम्मा वेळ वेफर्सची पाकिटं आणि बाटल्यांच्या काचा वेचण्यात गेला. तटावर बाण मारलेली बदामं होती. एका बदामात आमच्याच शाळेतली नावं होती, शुद्धलेखनाच्या चुकीसह. २०२५च्या जुलैत प्रतापगड आणि आणखी अकरा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला भगवा झेंडा होता. पाकिटं मात्र वेचायला त्यातलं कुणी आलेलं मी पाहिलं नाही. नग्गरच्या वाड्यात आता सरकारी हॉटेल आहे, तिकीट काढून आत सोडतात. मी तिकीट काढीन. जाऊ दे.

"आन बर्फच बघायचाय तर म्हाबळेश्वर काय वाईट? यण्णा लेकला पडतोय की, पेप्रात फोटू येतोय."

येतो, दरवर्षी येतो. थंडीचा कडाका वाढला की वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठतात आणि पेपरात बर्फाची चादर पसरते. एका वर्षी बायकोला पहाटे तीनला उठवून मी ती चादर बघायला गेलो होतो. बोटीच्या धक्क्याच्या फळ्यांवर साखर सांडल्यासारखं काहीतरी होतं. एका जीपच्या टपावरून चारजण नखानं ते खरवडून तळहातावर गोळा करत होते आणि पाचवा फोटो काढत होता. आमची पाळी येईपर्यंत सूर्य आला. स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन परत आलो. त्यावर स्कीइंग करायचं तर मुंगीच्या मापाचे बूट लागतील.

हे तात्यांना सांगितलं नाही. फॉर्मवर ८६ लिहिलं, सही केली, दहा रुपये दिले आणि निघालो.

घरी पोचलो तर बायको मंडईतून माझ्या आधी आलेली. ती काही बोलली नाही. मी स्वेटर काढून खुंटीला अडकवला तेव्हा फक्त म्हणाली, "त्याचे किती धरले?"

रात्री जावयांचा फोन. फॉर्म पोचला होता. "बाबा, तिथे ट्यूबवर नुसतं बसून घसरायचाही प्रकार असतो. तुम्हाला आणि पिल्लूला एकत्र बसता येईल." आवाज इतका जपून लावलेला, की डॉक्टर बरे वाटावेत.

काल कॉटेजवाल्यांसाठी कंदी पेढे घेऊन ठेवावेत म्हणून मोती चौकाकडे गेलो. महिनाभर आधी पेढे कशाला, असं बायको म्हणाली. नमुना बघायचाय, असं मी म्हणालो. दुकानातला पोऱ्या हसून म्हणाला, "पाव किलोच देऊ ना सर?" त्याला कुणी सांगितलं असेल, याचा विचारही न करता मी म्हणालो, "दोन किलो."

डबा घेऊन वळलो तर समोरून तात्या. नमस्कार वगैरे काही नाही. डब्याखाली हात घातला, जरा उचलून बघितला.

"एक किलो नऊशे," ते म्हणाले. "बारदान धरलंय त्येनं. पेढ्याच्या भावानं पुठ्ठा इकतोय." आणि त्यांचा आवाज चढला. "आवं ह्यो गुन्हा हाय! डबा काट्यावर ठेवून आधी शून्य कराय पायजे. चला परत, काट्यावर घालू."

त्यांचं बरोबर होतं. शंभर ग्रॅम पेढे गेले होते माझे. रस्त्यातली दोन माणसं थांबली होती, आणि दुकानातला काटा चांगला मोठा, काउंटरच्या मधोमध, चौकातून दिसेल असा होता.

मी डबा छातीशी धरला आणि समर्थ मंदिराच्या दिशेनं चालू लागलो.