शीव हे ‘सायन’चे मराठीकरण नव्हे

मुंबईतील शीव या नावाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्याचे म्हणणे असे की, जेसुइट पाद्र्यांनी तेथे प्रार्थनामंदिर बांधून जेरुसलेमच्या सायन टेकडीचे नाव त्या जागेला दिले. ‘शीव’ हे त्याचे अलीकडे केलेले मराठीकरण असून तेही मुळात ‘शिव’ या देवनामाचे चुकीचे लेखन आहे. आणि शीव म्हणजे हद्द म्हणावे, तर भर शहरात हद्द कसली?

शेवटचा आक्षेप सर्वांत पटण्याजोगा वाटतो, म्हणून तो आधी घेतो. शीव आज भर शहरात आहे, कारण शहर तिच्या पलीकडे गेले. महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत शिरली आणि १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोचली. त्यापूर्वी मुंबई बेटाचे ईशान्य टोक येथेच होते आणि खाडीपलीकडे साष्टीचे बेट सुरू होत असे. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली, पण साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली आणि पुढे मराठ्यांकडे आली. इंग्रजांनी ती १७७४ मध्ये घेतली. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात, १६६९ ते १६७७ या वर्षांत, शिवेच्या टेकडीवर किल्ला उभारला गेला, तो याच सरहद्दीवर नजर ठेवण्यासाठी. हद्दीची ही खूण अजून पुसलेली नाही. कुर्ल्याहून येणारी रिक्षा शिवेपर्यंतच येते आणि पुढे दादरकडे जाणाऱ्याला उतरून टॅक्सी किंवा बस धरावी लागते.

यावर कोणी असे म्हणेल की, १६६५ पूर्वी खाडीचे दोन्ही काठ पोर्तुगीजांचेच होते, मग तेव्हा हद्द कुठली? परंतु शीव म्हणजे राज्याची सरहद्दच असावी लागते, असे नाही. प्रत्येक गावाला शीव असते, मग शेजारचे गाव त्याच राजाचे का असेना. आणि येथे तर दोन बेटांच्या मध्ये खाडी होती.

‘शिव’ या देवनामाचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. मराठी उच्चारात ‘शिव’मधली इकार जवळजवळ दीर्घच ऐकू येते, त्यामुळे कानाला घोटाळा होतो, व्याकरणाला होत नाही. देव पुल्लिंगी, म्हणून ‘शिवाला’ बेल वाहतात. हद्द स्त्रीलिंगी, म्हणून पाहुण्याला ‘शिवेवर’ निरोप देतात.

मराठीकरणाचा आरोप मात्र नीट तपासायला हवा. संस्कृत ‘सीमा’पासून ‘शीव’ कशी झाली, हे मराठीच्या नेहमीच्या ध्वनिबदलांवरून दिसते. मधल्या ‘म’चा ‘व’ होतो, जसे ग्रामचे गाव, नामचे नाव, आमलकाचा आवळा. आणि आरंभीच्या ‘सि-सी’चा ‘शि-शी’ होतो, जसे सीव्यतिपासून शिवणे आणि सिध्यतिपासून शिजणे. असले बदल कोणत्याही कार्यालयाच्या ठरावाने होत नाहीत, त्यांना शतके लागतात. त्याच ‘सीमे’पासून दसऱ्याचे सीमोल्लंघन आले आणि खेडोपाडी त्याचे शिलंगण झाले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वरपक्षाचा सत्कार होतो, ते सीमांतपूजन, म्हणजे गावाच्या शिवेवर केलेले स्वागत. आता ते सभागृहात उरकतात आणि पत्रिकेत ‘श्रीमंतपूजन’ छापतात, हा भाग निराळा.

अर्थात, सामान्यनाम जुने आहे म्हणून स्थळनामही जुनेच, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी ‘सायन’च्या शेवटचा ‘न’ पाहावा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्यापूर्वी गांव, नांव यांच्याप्रमाणेच हा शब्दही ‘शींव’ असा लिहीत असत. तो अनुस्वार ‘सीमे’तल्या ‘म’चा अवशेष असून जुन्या बोलण्यात तो नाकातून उच्चारला जाई. पोर्तुगीजांच्या भाषेत सायन टेकडीला ‘सियांव’ म्हणतात, तेही नाकातूनच. ‘शींव’ ऐकणाऱ्या पाद्र्याला आपल्या धर्मग्रंथातले ओळखीचे नाव त्यात ऐकू आले असेल, तर नवल नाही. जेसुइटांकडे या बाजूला जमिनी होत्या, हेही खरे आहे. तथापि त्यावरून फार तर त्यांनी स्थानिक नावाला आपला पेहराव चढवला, एवढेच निघते. इंग्रजी अमदानीतील स्थळनामांच्या अभ्यासकांनीसुद्धा या नावाची व्युत्पत्ती मराठी हद्दवाचक शब्दाकडेच नेलेली आहे, आणि त्यांना मराठीकरणाची हौस होती, असे तो मजकूर फिरवणारेही म्हणणार नाहीत.