खुलासा : इलेक्ट्रॉन ही २.८ फेम्टोमीटरची फिरती गोळी नव्हे

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत अकरावी-बारावीच्या ग्रुपांवर एक चित्र फिरतंय. त्यात इलेक्ट्रॉन द्राक्षाच्या मण्यासारखा गरगर फिरतोय, त्रिज्या २.८ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग), आणि खाली ‘सिद्ध झालेली रचना’ असा शिक्का.

आकडा खरा, अर्थ चुकीचा. विद्युतभाराची स्थितिज ऊर्जा एमसी-वर्गाइतकी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानातल्या ऊर्जेइतकी, धरली की २.८१८ फेम्टोमीटर हे अंतर निघतं. ते कुणी मोजलेलं नाही. टकरींच्या प्रयोगांत ०.००१ फेम्टोमीटरपर्यंतही इलेक्ट्रॉनला आकार किंवा आतले भाग दिसलेले नाहीत.

गोळी धरूनच बघा. भरीव गोलाचा कोनीय संवेग (फिरण्याचं माप) म्हणजे २/५ × वस्तुमान × त्रिज्या × पृष्ठभागाचा वेग. तो स्पिनइतका (इलेक्ट्रॉनच्या उपजत कोनीय संवेगाइतका), म्हणजे एच-बारच्या (प्लांक स्थिरांक भागिले २π) निम्मा ठेवा. वेग येतो प्रकाशाच्या सुमारे १७१ पट! म्हणजे स्पिन हा भोवऱ्यासारखा फेरा नव्हेच.

दुसरी अडचण जुनीच. ऋणभाराचे कण एकमेकांना ढकलणार, मग गोळी फुटत का नाही? फ्रेंच गणिती पॉइन्कारे यांनी १९०५ मध्ये आतून बांधून ठेवणारा ताण कल्पिला. हिशेब जुळला, पण तो ताण येतो कुठून हे कळलं नाही.

इलेक्ट्रॉन टिकतो त्याचं कारण साधं आहे. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत मोडतो, कारण भार सोपवायला हलका इलेक्ट्रॉन आहे. इलेक्ट्रॉनहून हलका भारित कण मात्र ज्ञात नाही, आणि भार नाहीसा होत नाही.