दोष वहिनींचा किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्यसनी माणसाच्या घरच्यांनी स्वतःला दोष देणे थांबवावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या वहिनींनी मुलाचे, म्हणजे दारूच्या आहारी गेलेल्या आपल्या पुतण्याचे, फाजील लाड केले, त्याने मागितले तेव्हा पैसे दिले, त्याच्या प्रत्येक चुकीवर पांघरूण घातले, आणि आता माझ्यासारखे लोक त्यांना ‘तुमचा दोष नाही’ असे सांगून उरलीसुरली टोचणीही काढून घेतात. शिवाय व्यसनाला आजार म्हटले की पिणाराही मोकळा सुटतो, असा आपला दुसरा आक्षेप आहे.

आधी लाडांविषयी. पुतण्याची धाकटी बहीण त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली वाढली आणि आज बँकेत अधिकारी आहे, असे आपणच लिहिले आहे. तिच्या यशाचे श्रेय मात्र वहिनींच्या लाडांना दिलेले मला आपल्या पत्रात दिसले नाही. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून असे दिसते की, दारूच्या व्यसनाकडे असलेल्या कलात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. उरलेल्यात पहिला पेला कोणत्या वयात हाती आला, सोबत कोणाची होती, मनाचा एखादा आजार आधीपासून होता का, अशा अनेक गोष्टी येतात. घरचे वातावरणही त्यात येते, हे मी नाकारत नाही. पण त्यातून एका बाईचा हिस्सा तोलून काढता येत नाही. (‘लग्न करून द्या, सुधारेल’ असे सांगणारे नातेवाईक लग्नानंतर तोच दोष सुनेच्या पदरात टाकतात, हे आपण दोघांनीही पाहिले असेल.)

टोचणीने माणूस सुधारतो, हे मात्र मला मुळातूनच मान्य नाही, कारण अशा घरात टोचणी नेमके उलटे काम करते. सोमवारी सकाळी मुलगा अंथरुणातून उठत नाही, तेव्हा ‘त्याला रात्रीपासून ताप आहे’ असा फोन कंपनीत कोण करते? जिला वाटते की हे सारे आपल्यामुळे झाले, ती आई करते. बारवाल्याची उधारी गुपचूप चुकती करणारी, त्यासाठी सोनाराकडे पाटल्या गहाण ठेवणारी आणि घरात मात्र ‘पॉलिशला दिल्या आहेत’ असे सांगणारीही तीच असते. हे सगळे प्रेमापोटी चालले आहे असे बाहेरच्यांना वाटते, पण त्यातला मोठा भाग प्रायश्चित्ताचा असतो, आणि पिणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. माझा थोरला भाऊ याच व्यसनात होता. ‘तू मला लहानपणी मामाकडे ठेवलेस, म्हणून मी असा झालो’ हे वाक्य तो आईला नेहमी पैसे मागण्याच्या आधी ऐकवायचा, पैसे मिळाल्यावर कधीच नाही. म्हणजे ज्या वागण्याबद्दल आपण वहिनींना बोल लावता, ते वागणे त्या दोषभावनेवरच पोसले जाते, आणि आपण ती आणखी वाढवू पाहता.

या भावनेला आणखी एक बाजू आहे. चूक माझी असेल तर ती दुरुस्त करणेही माझ्याच हाती आहे, अशी आशा तिच्यात दडलेली असते, आणि म्हणून ती सुटता सुटत नाही. मग नवस होतात, कपाटे तपासली जातात, बाटल्या मोरीत ओतल्या जातात, आणि ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून आमटीत गोळ्या मिसळल्या जातात. अशा गोळीत किंवा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि त्यावर दारू प्यायली गेली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण त्यातून फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत भ्रम, थरकाप सुरू होऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

पिणारा मोकळा सुटतो का? नाही. आजार त्याने मागून घेतलेला नसला, तरी उपचाराला जाणे, उधारी फेडणे आणि केलेल्या मारहाणीची जबाबदारी घेणे हे त्याचेच काम आहे, आणि दुसरे कोणी ते अंगावर घेईनासे झाले, तरच ते त्याच्यापर्यंत पोहोचते.

वहिनींनी हातावर हात ठेवून बसावे, असेही मी म्हटलेले नाही. रॉबर्ट मेयर्स यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ या पद्धतीत घरच्यांनाच शिकवले जाते की, तो शुद्धीत असताना त्याच्याशी चांगले बोलावे, प्यायलेला असताना वाद घालू नये आणि पिण्याचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्यावेत. सगळ्यांनी मिळून घेरून दटावण्यापेक्षा या मार्गाने अधिक जण उपचाराला तयार होतात, असे तौलनिक अभ्यासांत दिसले आहे. वहिनींच्या बाबतीत याचा अर्थ असा की, कंपनीत फोन करायचा नाही, उधारी द्यायची नाही, आणि सकाळी तो भानावर असताना एवढेच म्हणायचे की, ‘पैसे मिळणार नाहीत, दवाखान्यात यायचे असेल तर मी आत्ता बरोबर येते.’ हे वाक्य स्वतःला गुन्हेगार समजणाऱ्या आईच्या तोंडून निघणे फार कठीण असते.

त्यासाठी त्यांना आधार हवा, आणि तो मिळण्याची ठिकाणे आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो, त्यामुळे घरच्यांचे दुखणे तिथे नवे नाही. 1951 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अ‍ॅनॉनच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. त्या खास घरच्यांसाठीच असतात, आणि हे व्यसन आपण लावलेले नाही, ते आपल्या ताब्यात नाही, हेच तिथे पहिल्यांदा सांगितले जाते. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर घरच्यांनाही बोलता येते. पुतण्या तयार नसला तरी वहिनी सभेला एकट्या जाऊ शकतात. पहिल्या दिवशी सोबत कोणी लागले, तर दीर म्हणून आपण जावे, अशी माझी विनंती आहे.